एक्केचाळीस डबे

मिसेस ओझेला थिग्पेन दर तीन महिन्यांनी आपले डबे मोजायला यायच्या. आधी फोन नाही, पत्र नाही. गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तळघरात उतरणाऱ्या जिन्यावर त्यांची काठी वाजली, की अर्लीथा पिंकस्टन हातातलं काम बाजूला सारून उठायची आणि खुंटीवरचे दोन जाड स्वेटर काढायची, एक त्यांना, एक स्वतःला. रिळं ठेवलेल्या आतल्या खोलीत बारा महिने फ्रिजसारखी थंडी असे. बाहेर ओहायोचा जून कितीही तापलेला असला, तरी आत दहा मिनिटांत बोटं बधिर व्हायची.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली कृष्णवर्णीयांच्या सिनेमांचा हा संग्रह होता. संचालक होते डॉ. थॅडियस ब्रॉडनॅक्स. ते पुस्तकं लिहीत, भाषणं देत, महिन्यातले दहा दिवस विमानात असत. बाकीचं सगळं अर्लीथाकडे. कुठलं रीळ कुणाला दाखवायचं, कुठलं बाहेर पाठवायचं, कुरिअरवाला आला की सही कुणी करायची, वर्गाला दाखवायच्या सिनेमाचा आवाज का येत नाही, हवेतला ओलावा ओढणारं मशीन पुन्हा का बंद पडलं. सोमवारी सकाळी ती एकेक कपाट उघडून वास घ्यायची. रीळ सडायला लागलं की त्याला व्हिनेगरचा वास येतो, आणि एकाला आला की शेजारच्यालाही लागायला वेळ लागत नाही. अकरा वर्षं ती हेच करत होती, आणि आपल्या नाकावर आणि आपल्या नोंदवहीवर तिचा फार भरवसा होता.

तिच्या हाताखाली म्हणायला एकच माणूस, रूझवेल्ट मिम्स. वय बासष्ट. फाटलेली रिळं सांधणं, साफ करणं, मशीनवर चढवणं हे त्याचं काम. हाताखाली म्हणायचं एवढंच. तो अर्लीथाच्या आधीपासून तिथे होता. ती त्याला ‘मिस्टर मिम्स, तुम्ही’ म्हणायची, तो तिला ‘बॉस’ म्हणायचा आणि अगंतुगं करायचा. दुपारचं जेवण दोघांनी एकत्र, चहाच्या खोलीतल्या एकाच टेबलावर. त्याच्या डब्यात तळलेला मासा असला की अर्धा तिचा.

मिसेस थिग्पेन एक्याऐंशीच्या. डेटनच्या शाळेत चाळीस वर्षं मास्तरीण होत्या, आणि अजूनही समोरच्याकडे तो वर्गात बसला असल्यासारखं बघत. त्यांचे यजमान लेम्युएल थिग्पेन टपाल खात्यात पत्रं वेगळी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमे काढायचे. शेजारचा न्हावी नायक, चर्चमधल्या बाया नटी, आणि कॅमेरा उसना. असे सहा सिनेमे त्यांनी केले. ते गेल्यावर मिसेस थिग्पेननी सगळी रिळं, एक्केचाळीस डबे, संग्रहाला दिली. पण करारात त्यांनी आपल्या हाताने एक ओळ घातली होती: मला वाटेल तेव्हा येऊन मी माझे डबे मोजीन. विद्यापीठाचा वकील ती वाचून हसला. मिसेस थिग्पेन म्हणाल्या होत्या, “हसून झालं की सही करा.”

त्या गुरुवारी त्या आल्या, स्वेटर घातला, पांढरे हातमोजे चढवले आणि नेहमीसारखं एकेका डब्यावर बोट ठेवून मोठ्याने मोजायला लागल्या. अर्लीथा शेजारी नोंदवही घेऊन उभी. शेवटच्या फळीवरच्या शेवटच्या डब्यावर बोट आलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चाळीस.”

“एखादा सुटला असेल,” अर्लीथा म्हणाली.

“मोज तू.”

अर्लीथाने मोजले. चाळीस. मग आकडे वाचत गेली. सोळानंतर अठरा. मधे एका डब्याएवढी मोकळी जागा नव्हती, डबे एकमेकांना चिकटवून लावले होते, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

“कामासाठी बाहेर काढला असेल,” ती म्हणाली. तिला ठाऊक होतं की काढलेला नाही. काढलेल्या प्रत्येक डब्याची नोंद तिच्याच अक्षरात असे.

“असेल,” मिसेस थिग्पेन म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवून घडी घातली. “पुढच्या गुरुवारी येते. तोवर शोधून ठेव, पोरी.”

एवढंच. कार्यक्रमाच्या पत्रिकेत लेम्युएलच्या नावातलं एक अक्षर चुकलं म्हणून याच बाईंनी एकदा कुलगुरूंच्या दारात खुर्ची टाकून बसायची धमकी दिली होती. आज आवाजसुद्धा चढला नाही. अर्लीथाला ते जास्त भीतीचं वाटलं. वकील गाठायचा ठरवला की माणूस असा शांत होतो, असं तिला वाटलं.

त्या दिवशी तिने सगळी कपाटं पालथी घातली. मग नोंदवही. मार्चमधल्या मोजणीला ती स्वतः नव्हती. मावशीच्या मातीला मिसिसिपीला गेली होती. मिम्सने मोजणी करून घेतली होती. ‘एक्केचाळीस’, खाली दोन सह्या, मिसेस थिग्पेन आणि आर. मिम्स. म्हणजे डबा मार्च आणि जूनच्या मधे गेला. त्या तीन महिन्यांत थंड खोलीत कोण कोण गेलं? ती स्वतः. मिम्स. आणि एप्रिलमध्ये एकदा डॉ. ब्रॉडनॅक्स, सिनेमे विकत घेणाऱ्या एका कंपनीची दोन माणसं बरोबर घेऊन.

तिचा पहिला संशय त्यांच्यावरच गेला. कंपनीला थिग्पेनचे सिनेमे हवे होते, मिसेस थिग्पेननी दोनदा साफ नाही म्हटलं होतं, आणि डॉक्टरांना नाही ऐकायची सवय नव्हती. नमुना म्हणून एक रीळ गुपचूप पाठवून दिलं असेल तर? शुक्रवारी ते नसताना अर्लीथाने कुरिअरच्या पावत्यांचं बाड काढलं आणि एप्रिलपासूनची प्रत्येक पावती पाहिली. त्यांच्या नावाच्या सात. पुस्तकं, पुस्तकं, एक सूट, पुन्हा पुस्तकं. वजनं जुळत होती. तरी एका पावतीवरचा पत्ता तिने कागदावर उतरवून घेतला, आणि तो कागद खिशात ठेवताना तिला आपलीच थोडी लाज वाटली.

सोमवारी डॉक्टर तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. उंच, नीटनेटके, आवाज कायम सभागृहातला.

“मिस पिंकस्टन, माझ्या पावत्या कशासाठी बघत होतात?”

त्यांना कुणी सांगितलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. तिने डबा गेल्याचं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले, आणि तिला वाटलं होतं तसे चिडले नाहीत. उलट हळू आवाजात म्हणाले, “माझ्यावर संशय घेतलात, ठीक आहे. पण जवळचं सोडून लांबचं बघताय. मिम्सच्या गॅरेजमध्ये काय आहे माहीत आहे ना तुम्हाला?”

तिला माहीत होतं. दोन प्रोजेक्टर आणि घर विकणाऱ्यांच्या पडवीतून, बंद पडलेल्या थिएटरांतून गोळा केलेली शेकडो रिळं. मिम्स ते लपवत नसे. तिने स्वतः तिथे बसून सिनेमे पाहिले होते.

“मिस्टर मिम्स असं करणार नाहीत,” ती म्हणाली.

“नसतील करणार. पण तुम्ही तपास तर कराल?”

ते गेले, पण ते बोलणं तिथेच राहिलं. दुपारी तिने तापमानाचे कागद काढले. थंड खोलीबाहेर एक जुनं यंत्र होतं. गोल कागद हळूहळू फिरायचा आणि त्यावर निळ्या शाईची रेघ उमटायची. दार उघडलं की आतली थंडी कमी व्हायची, रेघ वर उचलायची. दर सोमवारी जुना कागद काढून नवा लावायचा, हे ती कुणालाच करू देत नसे. तिने मार्चपासूनचे कागद टेबलावर पसरले आणि नोंदवहीशी एकेक ताडून बघायला लागली. प्रत्येक उचललेल्या रेघेला वहीत नोंद होती. एक सोडून.

मार्चमधला मोजणीचाच दिवस. साडेदहाला रेघ वर, ती मोजणीची. आणि पुन्हा सव्वादोनला वर. वीस मिनिटं दार उघडं. वहीत काही नाही. दाराच्या कार्डांची यादी तिने मागवून घेतली. सव्वादोनला एकच कार्ड लागलं होतं, आर. मिम्स. अर्लीथा तेव्हा मिसिसिपीत होती. डॉक्टर डेन्व्हरला होते. खाली तळघरात तो एकटा होता.

ती कितीतरी वेळ त्या निळ्या टेकाडाकडे बघत बसली. मग तिला आठवायला लागलं, आणि एकदा संशय शिरला की आठवणीही संशयाच्याच बाजूने साक्ष देतात. मिम्स गेल्या महिन्यात दोनदा लवकर गेला होता. मागे एकदा म्हणाला होता, “हे सिनेमे इथं डब्यात थंड पडून राहतात बॉस, बघतं कोण?” थिग्पेनची रिळं साफ करताना तो नेहमीपेक्षा जास्त वेळ घ्यायचा. हे सगळं तिने आधीही पाहिलं होतं आणि तिला त्याचं कौतुकच वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी तिने डॉक्टरांसाठी टिपण लिहिलं. मोजून आठ ओळी. तारीख, वेळ, कार्ड, नोंद नाही. ‘चोरी’ हा शब्द तिने घातला नाही. ‘खुलासा आवश्यक’ असं लिहिलं आणि पाठवून दिलं. आणि मग दुपारी जेवायला चहाच्या खोलीत गेली.

मिम्सने डबा उघडून मासा तिच्याकडे सरकवला. तिने हात लावला नाही.

“मिस्टर मिम्स, मार्चमध्ये मोजणी झाली त्या दिवशी दुपारी सव्वादोनला तुम्ही थंड खोली उघडलीत?”

तो चावायचा थांबला. “उघडली असेल.”

“कशासाठी?”

“आठवत नाही.”

वीस वर्षांपूर्वी कुठल्या रिळाला कितव्या मिनिटाला चिकटपट्टी लावली ते सांगणारा माणूस होता हा. अर्लीथा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो खिडकीकडे बघत होता. त्या खोलीच्या खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसत.

“वीस मिनिटं दार उघडं होतं. वहीत नोंद नाही.”

“राहिली असेल.”

“तुम्ही मला काहीतरी सांगत नाही आहात.”

“हो,” मिम्स म्हणाला. “सांगत नाहीये. आणि सांगणारही नाही. कुणाला तरी शब्द दिलाय. त्यात तुझं काही वाकडं झालेलं नाही बॉस, एवढं माझ्याकडून घे.”

“एक डबा गेलाय.”

त्याने चटकन मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर आलेलं आश्चर्य खरं होतं की नाही, हे तिला ठरवता आलं नाही. आधीच्या आठवड्यात विचारलं असतं तर ठरवता आलं असतं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मिम्सने घेतला. पलीकडून डॉक्टर बोलत असावेत, तो “हो सर” म्हणाला, मग थोडा वेळ ऐकत राहिला, मग “कधी लिहिलंय त्यांनी?” आणि मग “बरं.” त्याने फोन ठेवला, गळ्यातलं कार्ड काढलं आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवलं.

“सकाळी लिहिलंस,” तो म्हणाला. “आणि आत्ता माझ्या समोर बसून विचारतेयस.”

“मिस्टर मिम्स...”

“नाही. तू लिहिलंस ना, मग झालं. कागद बोलेल आता.” त्याने माशाचा डबा बंद केला, काखेत मारला आणि जिन्याने वर गेला. खिडकीतून तिला त्याचे तपकिरी बूट जाताना दिसले.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी तिला वर बोलावलं. टिपण चांगलं झालंय म्हणाले. मिम्सचं पुढे बघता येईल, पण उद्या गुरुवार आहे, आणि थिग्पेनबाई येणार. त्या चिडल्या, सगळे डबे परत मागितले तर संग्रहाची केवढी नाचक्की. मग ते जरा पुढे वाकले.

“तुमच्याकडे रिकामे डबे आहेत ना, तसेच? जुन्या रिळांचे तुकडेही असतील. एक डबा भरा. सतरा नंबर लावा. बाई काही रीळ बघत नाहीत, आकडे बघतात.”

“आणि खरा डबा?”

“तो शोधत राहू आपण. बाईंना उगाच कशाला त्रास?”

ती ‘नाही’ म्हणाली नाही. हे तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं. ती खाली आली, कपाटातून तशाच जुन्या पत्र्याचा, कडेला गंज चढलेला एक डबा काढला, टाकाऊ रिळाची गुंडाळी त्यात ठेवली, आणि लेबलावर लेम्युएल थिग्पेनचं नाव लिहिलं. खाली सतरा. तिचं अक्षर सुंदर होतं. डबा इतका खरा दिसत होता की हातात धरल्यावर तिला शिसारी आली. गेल्या सहा दिवसांत ती प्रत्येकाकडे चोर म्हणून बघत होती, आणि लबाडीची पहिली खरी वस्तू या तळघरात तिच्याच हाताने तयार झाली होती.

तिने लेबल फाडलं, गाडीची किल्ली घेतली आणि डेटनला निघाली. रस्ता सव्वा तासाचा. उद्या त्या येऊन मोजण्याआधी आपणच जाऊन सांगायचं: हरवला, सापडला नाही, कुणी नेला कळलं नाही. मग त्या जे करतील ते.

मिसेस थिग्पेनचं घर शहराच्या पश्चिमेला होतं, विटांचं, ओसरीवर दोन लोखंडी खुर्च्या. त्यांनी जाळीच्या दारातून तिला पाहिलं आणि कडी काढायच्या आधी विचारलं, “एकटीच आलीस?”

“हो, मॅडम.”

“त्यांनी पाठवलं?”

“नाही. त्यांना माहीतही नाही.”

मग कडी निघाली. स्वयंपाकघरात बसवून त्यांनी तिच्यासमोर बर्फ घातलेला चहा ठेवला. अर्लीथाने ग्लासाला हात न लावता सगळं सांगितलं. डबा सापडला नाही हे. पावत्या तपासल्या हे. मिम्सबद्दल लिहिलं हे. आणि शेवटी, तोंडातून निघत नव्हतं तरी, आज सकाळी आपण खोटं लेबल लिहिलं होतं हेही. कुणी सुचवलं ते तिने सांगितलं नाही.

“तो ब्रॉडनॅक्स,” मिसेस थिग्पेन म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. मग काठी टेकत उठल्या, फ्रिज उघडला, पालेभाजीची पिशवी बाजूला केली आणि मागून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक चपटा, गोल डबा काढून टेबलावर ठेवला. प्लॅस्टिकमधून आकडा दिसत होता.

अर्लीथाला प्रथम काही कळलंच नाही. मग कळलं आणि तिला वाटलं की आपल्याला हसू येईल, पण आलं नाही.

“मार्चमध्ये नेला,” मिसेस थिग्पेन म्हणाल्या. “मोजणी झाली, जेवून परत आले. मिम्सला म्हटलं, मला जरा लेम्युएलपाशी एकटीला बसू दे. आणि म्हटलं, म्हातारी रडली हे कुणाला सांगू नकोस. तो बिचारा दाराबाहेर पाठ करून उभा राहिला. मी सगळ्यांत हलका होता तो उचलला, पर्समध्ये घातला, बाकीचे सरकवून ठेवले. तीन महिने झाले, पोरी. तुम्हाला कुणाला पत्ता नाही. तो गेलाय हेसुद्धा मलाच येऊन सांगावं लागलं.”

“का केलंत असं?”

“एकाहत्तर साली एका कॉलेजने लेम्युएलचा पहिला सिनेमा मागून नेला. दाखवतो आणि परत देतो म्हणाले. एकच प्रत होती. दोन वर्षांनी पत्र आलं, असा कुठलाही सिनेमा आमच्याकडे आलेला नाही. त्याने नऊ पत्रं लिहिली. नऊही पत्रांना सभ्य भाषेत उत्तर आलं. एकही माणूस उठून आमच्या दारात आला नाही.” त्या बसल्या. “मला बघायचं होतं, तुमच्याकडून काय येतं. पत्र, लेबल की माणूस.”

अर्लीथाच्या आत सहा दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. तिचा आवाज वाढला नाही. “तुमची परीक्षा झाली, मॅडम. पण मी एका माणसाचं नाव लिहून दिलंय. तुम्हाला दिलेला शब्द राखला म्हणून तो चोर ठरला. काल कार्ड टाकून घरी गेलाय.”

पहिल्यांदाच मिसेस थिग्पेन वयाएवढ्या म्हाताऱ्या दिसल्या.

“सांगितलं नाही त्याने?”

“नाही. मेलो तरी सांगणार नाही, असा चेहरा होता.”

“मी तुझी परीक्षा घेत होते. त्या ब्रॉडनॅक्सची घेत होते. मिम्सला धरलंच नव्हतं मी हिशेबात.” त्यांनी डोक्यावर टोपी चढवली, टाचणी खोचली. “चल. डबा घे. गाडी तू चालव, मला चक्कर येतेय.”

मिम्स आपल्या घराच्या अंगणात पाइपने टोमॅटोच्या वाफ्याला पाणी घालत होता. दोघींना गाडीतून उतरताना पाहून त्याने पाणी बंद केलं, पण पुढे आला नाही. अर्लीथाने डबा दोन्ही हातांत धरला होता. त्याने आकडा पाहिला, मग मिसेस थिग्पेनकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं.

“अच्छा,” तो म्हणाला. “म्हणून वीस मिनिटं लागली.”

“मी तुला फसवलं, रूझवेल्ट,” मिसेस थिग्पेन म्हणाल्या. “मला माफ कर म्हणायला आलेय. या वयात मी फार वेळा म्हणत नाही.”

“हो, मॅडम. ठीक आहे, मॅडम.” त्याने ओसरीवरची खुर्ची पुसून त्यांना बसायला दिली. आत जाऊन पाणी आणलं. एकच ग्लास.

अर्लीथा अंगणातच उभी राहिली. “मिस्टर मिम्स, मी ते टिपण मागे घेतेय. उद्या सकाळी पहिलं काम तेच.”

“घे.”

“मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“संशय आला त्याचं मला काही नाही,” तो म्हणाला. “तुझं कामच आहे ते, वास घ्यायचा. माझा घेतलास, ठीक. पण अकरा वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस. लिहायच्या आधी दहा पावलं चालून माझ्यापाशी यायचं होतंस.” त्याने पाण्याचा नळ पुन्हा सोडला. “मॅडमना घरी सोड. त्यांचा चेहरा बरा दिसत नाहीये.”

गुरुवारी मिसेस थिग्पेन तळघरात आल्याच नाहीत. त्या थेट वर डॉ. ब्रॉडनॅक्सच्या खोलीत गेल्या आणि डबा त्यांच्या कागदांवर ठेवला. अर्लीथा मागे उभी होती. डॉक्टर उठून उभे राहिले. “सापडला तर. फार छान झालं.”

“मी नेला होता,” त्या म्हणाल्या. “आणि त्याच्या जागी तुम्ही काय ठेवणार होता तेही मला कळलंय. या मुलीने तुमचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.”

त्यांनी डबे परत मागितले नाहीत. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, त्यांच्या सहीशिवाय लेम्युएलचं एकही रीळ कुठल्या कंपनीच्या डोळ्यांपुढे जाणार नाही, हे लिहून. दुसरी, मिम्सवरचा कागद फाडून. पहिली डॉक्टरांनी लगेच दिली. दुसरीला ते म्हणाले, कागद कर्मचारी विभागात गेला, आता फाडता येत नाही; वर दुसरा जोडता येईल. अर्लीथाने तो तिथेच उभ्याने लिहिला. हा तिने पाऊण पानाचा लिहिला, आणि त्यात सगळ्यांत जास्त वेळा स्वतःचं नाव घातलं. पण आठ ओळींचा तो पहिला कागद फाइलमध्ये राहिला, अजून आहे.

मिम्स सोमवारी आला. कार्ड गळ्यात घातलं, मशीनपाशी बसला. त्या आठवड्यात थंड खोलीचा नवा नियम लागू झाला: कुणीही आत जायचं तर दोघांनी मिळून, आणि बाहेर पडताना प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची. डॉक्टरांची बॅगसुद्धा. नियम मिम्सने मागितला होता आणि दाराशी उभं राहायचं कामही त्यानेच घेतलं. सप्टेंबरमध्ये मिसेस थिग्पेन मोजायला आल्या. एक्केचाळीस भरले. निघताना मिम्सने अदबीने मान झुकवून त्यांच्याकडे पर्स मागितली. पेपरमिंटच्या गोळ्या, चर्चचा कागदी पंखा, चष्म्याचं घर, सगळं एकेक काढून पाहिलं आणि परत जागच्या जागी ठेवलं. त्यांना ते मनापासून आवडलं. “असंच,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागून अर्लीथा बाहेर आली. तिने आपली पिशवी त्याच्यापुढे धरली. तो ती नीट तपासत होता, तेव्हा ती म्हणाली, “आज मी बटाट्याचं सॅलड आणलंय. जास्त आहे.”

“बरं,” मिम्स म्हणाला. “तुम्ही खाऊन घ्या. मी गाडीत बसून खातो हल्ली, तिथं रेडिओ लागतो.”

त्याने पिशवी बंद करून तिच्या हातात दिली आणि वहीत वेळ लिहिली.